गॅलरीतल्या रोपांचा छोटा व्यवसाय: आईरोपापासून संक्रांतीच्या वाणापर्यंत

घरातली झाडं वाढली की आधी शेजारी फांदी मागतात, मग नातेवाईक, आणि मग कधीतरी अनोळखी माणूस विचारतो, "ताई, विकता का?" या प्रश्नाला हो म्हणायचं असेल तर त्याआधी काय तयारी लागते, ते इथे लिहिते आहे. मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. पूर्वेकडची लांब गॅलरी, सोसायटीने लेखी परवानगी दिलेला गच्चीचा एक कोपरा आणि स्वयंपाकघराची खिडकी, एवढ्यात माझं काम चालतं. आधी नोकरी पतसंस्थेत हिशोबाची होती, त्यामुळे झाडांइतकीच वहीही मला प्रिय आहे आणि या लेखात तिचा उल्लेख बराच येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्वस्त रोप विकणं आपल्याला जमणार नाही आणि जमवायलाही जाऊ नये. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघालात तर दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. तिथे बराच माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो. आपल्या त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी समुद्राजवळ पोचते त्या दमट पट्ट्यातलं, राजमहेंद्रीजवळचं हे गाव. तिथे घरोघरी रोपं तयार होतात आणि देशभर जातात. त्यांच्या भावाशी गॅलरीतला माणूस बरोबरी करूच शकत नाही. पण त्याच रोपाची पुढची गोष्ट बघा. ते दमट हवेत, हिरव्या जाळीखाली, भरपूर खत खाऊन वाढलेलं असतं. मग ते ट्रकच्या अंधारात प्रवास करतं आणि तिथून थेट आपल्या कोरड्या हॉलमध्ये येतं. महिन्याभरात निम्मी पानं गळतात आणि घेणारी बाई म्हणते, "माझा हातच चांगला नाही." हात चांगलाच असतो. रोपाला घराची सवय झालेली नसते.

आपण विकायचं ते घराची सवय झालेलं रोप. आपल्याच उजेडात, आपल्याच पाण्यावर मुळं धरलेलं, दोन-तीन नवी पानं इथल्या हवेत काढलेलं. मोठ्या नर्सरीला प्रत्येक रोपावर इतका वेळ घालवणं परवडत नाही. आपल्याला परवडतं, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याचेच. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आईरोपं किती लागतात

छंद म्हणून पन्नास जातींची एकेक कुंडी असली तर घर सुंदर दिसतं, पण त्यातून व्यवसाय होत नाही. मनीप्लांटचंच गणित मांडू. चार इंची कुंडीत एकच वेल लावली तर ती केविलवाणी दिसते, कुणी घेत नाही. भरगच्च दिसायला एका कुंडीत चार-पाच तुकडे लागतात. हातभर लांबीच्या वेलीवर आठ-दहा पेरं (पान फुटतं त्या गाठी) मिळतात, पेरागणिक एक तुकडा, म्हणजे त्यातून फार तर दोन कुंड्या. ती वेल पुन्हा तेवढी लांब व्हायला दोन-तीन महिने, थंडीत त्याहून जास्त. आता महिन्याला वीस कुंड्या विकायच्या म्हणाल तर महिन्याला अशा दहा वेली कापायला हव्यात, आणि त्यांची विश्रांती धरली तर तीस वेली सतत वाढत्या ठेवाव्या लागतील. या वाढत्या ठेवलेल्या झाडांना मी आईरोपं म्हणते. आपलं भांडवल तेच. त्यांना चांगल्यात चांगली जागा, चांगल्यात चांगला उजेड. विक्रीची रोपं त्यानंतर.

म्हणून जाती कमी ठेवा. सुरुवातीला पाच-सहा पुरतात. माझ्या मते त्या अशा: मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट, ॲग्लोनिमा आणि जेड. सिंगोनियम सगळ्यांत लवकर वाढतं. स्पायडर प्लांटला लोंबत्या दांड्यांवर पिल्लं येतात, ती नुसती तोडून लावायची. स्नेक प्लांटबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पिवळ्या कडेची जात पानाचे तुकडे लावून वाढवली तर नवी पिल्लं बहुतेक साधी हिरवी येतात, पिवळी कड जाते. ती कड हवी असेल तर गड्ड्याची विभागणीच करावी लागते. झेडझेड प्लांटला मागणी खूप, पण पानापासून विकण्याजोगं रोप व्हायला वर्षाच्या आसपास जातं, तेव्हा ते लावून ठेवा आणि विसरा.

महागड्या, दुर्मिळ जातींच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. 2020-21 मध्ये लोक घरात अडकले होते तेव्हा मॉन्स्टेराच्या एका फांदीला हजारो रुपये देणारे होते. मग टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांमधून तीच रोपं ट्रे भरभरून बाहेर आली आणि भाव कोसळले. ज्या जातीची प्रत प्रयोगशाळेत काढता येते तिचा भाव आज ना उद्या उतरणारच, हे धरूनच तिच्यात पैसे घाला. परदेशातून पार्सलने फांद्या मागवणारेही भेटतील. त्यासाठी 2003 च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. कागद नसलेलं रोप घेऊ नका. त्याच्याबरोबर एखादी नवी कीड आली तर नुकसान एकट्या आपलं होत नाही, शेतकऱ्याचंही होतं.

आईरोप निवडताना

आईरोपं मी उरुळीकडूनच आणते, पण निवडून. कुंडी आधी उलटी करून खालची भोकं बघते. पांढरी, टणक मुळं डोकावत असतील तर रोप इथे येऊन रुळलंय. काळी, बोटाला चिकटणारी मुळं असतील तर ते परत ठेवते, कितीही डौलदार असलं तरी. मग पान उलटं करून उजेडाकडे धरते. पानाच्या बेचक्यात पांढरे कापशी ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. शिरेला चिकटलेले तपकिरी, नखाने खरवडल्यावर निघणारे चपटे दाणे म्हणजे खवले कीड. पान वरून फिकट, बारीक ठिपक्या-ठिपक्यांचं आणि खालून बारीक जाळं, तर लाल कोळी. नर्सरीवाल्या दादांना याचा राग येत नाही, उलट बघून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आतल्या शेडमधला माल दाखवतात.

घरी आणल्यावर हे रोप बाकीच्यांत लगेच मिसळायचं नाही. तीन आठवडे वेगळं ठेवायचं. माझ्याकडे त्यासाठी न्हाणीघराची खिडकी आहे. या काळात मुळांभोवतीचा चिकट मातीचा गोळा तपासून घ्या. बाहेरून येणाऱ्या रोपांची मुळं बऱ्याचदा घट्ट लाल मातीत असतात. आपण बाहेरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरतो, ते वाळतं, आतला गोळा मात्र ओलाच राहतो आणि मुळं कुजतात. पाण्याच्या बादलीत गोळा अर्धा तास बुडवून बोटांनी हलके हलके सोडवला की माती सुटते. मुळं थोडी तुटतात, त्याने बिघडत नाही. मात्र हे काम पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये नको.

फांदीपासून कुंडीपर्यंत

मनीप्लांटच्या वेलीवर पान जिथे फुटतं तिथे एक गाठ असते, ते पेर. नीट बघितलंत तर पेराच्या खालच्या अंगाला तपकिरी, टोकदार असा बारीक फुगवटा दिसतो. तेच हवेतलं मूळ, आणि नवी मुळं तिथूनच येणार. कात्री स्पिरिटने पुसून घ्यायची. पेराच्या खाली बोटाच्या अर्ध्या पेराएवढं अंतर सोडून कापायचं, वरही तेवढंच. एक पेर, एक पान असा तुकडा झाला. कापलेला भाग तास-दोन तास सावलीत वाळू द्यायचा. पेर नसलेला नुसता देठ पाण्यात महिनोन्‌महिने हिरवा राहतो, कधी मुळंही काढतो, पण त्यातून वेल उगवत नाही, कारण नवा कोंब फुटायचा डोळा पेरातच असतो.

बाटलीत पाणी घालून मुळं आणायची पद्धत घरात शोभते. विक्रीसाठी मी ती वापरत नाही. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मिश्रणात गेल्यावर त्यांना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. मी झाकणाचे मोठे प्लॅस्टिकचे डबे घेते, तळाला दोन बोटं ओलसर कोकोपीट आणि पर्लाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे, हलके दाणे) निम्मं निम्मं, त्यावर तुकडे आडवे ठेवते, फुगवटा खाली टेकलेला. झाकण लावून डबा उजेडात, पण उन्हात नाही. एक दिवसाआड झाकण उघडून हवा द्यायची. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं इंचभर होतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, तेव्हा याच कामाला दुप्पट वेळ धरा. मुळं इंचभर झाली की लगेच कुंडीत हलवा, जास्त लांब होऊ देऊ नका. एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुटतात.

मिश्रणाचं माझं प्रमाण असं: कोकोपीट चार भाग, पर्लाइट दोन, गांडूळखत दोन, भाताचं तूस एक, आणि घमेल्याला एक मूठ निंबोळी पेंड. तूस मावळ-मुळशीकडच्या भात गिरणीत मिळतं. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेचं भिजून साठ-पासष्ट लिटर होतं. ही वीट नारळाच्या काथ्यापासून होते आणि त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, बाहेर येणारं पाणी फिकट होईपर्यंत. मिश्रण मुठीत दाबलं तर मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचलं की ती फुटली पाहिजे. बोटांतून पाणी गळत असेल तर फार ओलं आहे, थोडं पसरून ठेवा.

कुंडीत लावल्यावर घाई नको. रोप विकायला काढण्याची माझी एकच कसोटी आहे: लावल्यानंतर त्याने आपल्या घरात किमान दोन नवी पानं पूर्ण उघडलेली असली पाहिजेत. आणि शेवटचे दोन आठवडे ते गॅलरीच्या चांगल्या उजेडातून आत, हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचं. गिऱ्हाइकाच्या घरी ते अशाच कोपऱ्यात जाणार आहे. पानं पिवळी पडणार असतील तर ती माझ्याकडेच पडू देत.

पाण्याचंही तसंच. खडकवासल्याचं नळाचं पाणी झाडांना मानवतं. टँकर किंवा बोअरचं पाणी जड असतं, कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात आणि स्पायडर प्लांटची टोकं जळतात. ज्या भागात विकणार तिथे टँकर येत असेल तर गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा आणि महिन्यातून एकदा कुंडीतून पाणी खालून वाहून जाईपर्यंत घालायला सांगा.

कीड दिसली तर त्या रोपाची विक्री थांबवायची, मग ऑर्डर कितीही जवळ आलेली असो. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपायचे, नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने पुन्हा. लाल कोळी उन्हाळ्यात कोरड्या हवेत येतो. पानांची खालची बाजू नळाखाली धुतली की निम्मा जातो. पावसाळ्यात कुंडीवर उडणाऱ्या बारीक चिलटांना पिवळे चिकट कागद आणि वरचा थर वाळू देणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

किंमत कशी ठरवायची

वहीत एका चार इंची कुंडीचा खर्च असा लिहा. तुमच्या भागातले भाव वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा. कुंडी 10 रुपये. अर्धा लिटर मिश्रण 5. आईरोपाच्या देखभालीचा वाटा 5. खत, तेल, लेबल 5. गुंडाळायचा कागद आणि खोका 5. झाले 30. पण दहातली दोन रोपं कुठेतरी गळतातच, म्हणजे आठ रोपांवर दहांचा खर्च चढतो: साडेसदतीस रुपये. आता आपला वेळ. कापण्यापासून विकेपर्यंत एका कुंडीमागे सगळी मिळून वीस मिनिटं धरा आणि तासाला 120 रुपये लावा, म्हणजे 40. एकूण साडेसत्त्याहत्तर. हे रोप 80 ला विकलंत तर तुम्ही मजुरी मिळवलीत, व्यवसायाला काहीच उरलं नाही. नवी आईरोपं, जाळी, रॅक यांसाठी पैसे उरायचे तर ते 130 ते 150 ला जायला हवं. पोचवण्याचे वेगळे.

रस्त्यावरच्या नर्सरीत हेच रोप 60-70 ला दिसेल आणि गिऱ्हाईक तसं म्हणेलही. भाव उतरवू नका. शांतपणे सांगा की हे रोप इथे किती महिने आहे, कुठल्या पाण्यावर वाढलंय, आणि पंधरा दिवसांत काही झालं तर बदलून मिळेल. बदलून द्यायची हमी आपल्याला परवडते, कारण दोन पानांची कसोटी आपण आधीच लावलेली असते. आणि ज्यांना खरंच 60 चंच हवंय त्यांना उरुळीचा रस्ता प्रेमाने सांगा.

वेळ धरायची लाज घरातल्या बायकांना फार वाटते, असा माझा अनुभव आहे. "घरीच तर असते मी," म्हणून मजुरीचा रकाना कोरा ठेवतात आणि वर्षाने थकून बंद करतात. तो रकाना भराच.

विकताना काय विचारायचं, काय सांगायचं

कुठलं रोप हवं, हे मी शेवटी विचारते. आधी विचारते, "खिडकी कुठल्या दिशेला? समोर इमारत आहे का? तिथे सकाळी अकरा वाजता दिवा न लावता पेपर वाचता येतो का?" शक्य असेल तर अकराला काढलेला फोटो मागवते. पेपर वाचता येत नसेल तर तिथे कुठलंच झाड फार काळ जगणार नाही, आणि ते मी सांगते. एक मुलगा बाणेरहून आला होता, बिनखिडकीच्या केबिनसाठी अरेका पाम हवा म्हणत होता. त्याला झेडझेडच्या दोन कुंड्या सुचवल्या: एक आठवडा एक केबिनमध्ये, दुसरी घराच्या खिडकीत, मग अदलाबदल. तो अजून माझ्याकडूनच झाडं नेतो, आणि त्याचे सहकारीही.

घरात रांगतं मूल किंवा मांजर आहे का, हे विचारायचंच. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, डिफेनबेकिया, सिंगोनियम, पीस लिली या सगळ्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. अशा घरी स्पायडर प्लांट द्या.

हवा शुद्ध होते, असं सांगून रोप विकू नका. या दाव्याचं मूळ नासाच्या 1989 च्या प्रयोगात आहे आणि तो प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. आपल्या घरांना दारं-खिडक्या असतात. तिथे तेवढा परिणाम मिळायला घराचं जंगल करावं लागेल. तसंच गुलाबी पानांचं "पिंक काँगो" म्हणून विकतात त्याची गुलाबी रंगत रसायनाने आणलेली असते, काही महिन्यांत नवी पानं हिरवी येतात. रंग फवारलेली निवडुंगंही असतात. हे मी ठेवतच नाही. झाड सुंदर आहे, ते रोज सकाळी बघायला बरं वाटतं, एवढं विकायला पुरेसं आहे.

प्रत्येक कुंडीबरोबर हाताएवढं कार्ड द्या, मराठीत. त्यावर उजेड, पाणी, खत अशा तीन ओळी. पाण्याच्या ओळीत "आठवड्यातून दोनदा" असं लिहू नका. "बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी" असं लिहा. पुण्यातला मे आणि पुण्यातला जुलै यांना एकच वेळापत्रक चालत नाही.

वर्षाचं चक्र

गॅलरीतल्या व्यवसायाला आपल्या सणांचा फार मोठा आधार आहे. सगळ्यात मोठा हंगाम संक्रांतीचा. हळदी-कुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा रोप देणं आता अनेक जणींना आवडतं, आणि हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे ऑर्डरी त्या वर्षीच्या तिथीप्रमाणे दीड ते चार-पाच आठवड्यांवर पसरतात. एका घरची पंचवीस ते पन्नास रोपं असतात. वाणाला अडीच-तीन इंची कुंडी, पिशवीत मावणारी, उभी राहणारी. जेड, बुटका स्नेक प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट चालतात. कुंडी लहान आणि ऑर्डर एकगठ्ठा, म्हणून इथे पन्नास रुपयांच्या आसपास भाव ठेवता येतो, निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे.

पण थंडीत रोप वाढत नाही, हे विसरलात तर जानेवारीत हात रिकामे राहतील. वाणाचे तुकडे गणपती गेले की कापायला घ्यायचे. पुढे पितृपक्ष असतो, लोक नवी खरेदी टाळतात, विक्री मंदावते. तो पंधरवडा मी पूर्ण कापणीला देते. दिवाळीपर्यंत मुळं धरतात, डिसेंबरात रोपं नुसती सांभाळायची. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं. तिथे फिरून लोक काय उचलतात ते बघून या, वर्षभराच्या निर्णयांना उपयोग होतो.

पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश, वास्तुशांत. तेव्हा मोठ्या कुंड्या जातात. मे महिन्यात विक्री जवळजवळ बंद ठेवते. उन्हाने रोपं प्रवासातच कोमेजतात. त्याऐवजी गावी जाणाऱ्यांची झाडं सांभाळायला घ्या, कुंडीमागे आठवड्याचा दर ठरवून. झाडं आपल्याकडे येताना कीड तपासा आणि आपल्या झाडांपासून लांब ठेवा. घरी जाऊन कुंड्या बदलून देण्याचंही काम याच काळात ठरतं, प्रत्यक्ष करायचं ते पहिल्या पावसानंतर.

गावाबाहेर पाठवायचं असेल तर सोमवारी किंवा मंगळवारी, म्हणजे खोका रविवारी कुठल्या गोदामात पडून राहत नाही. कुंडी काढून मुळांभोवती ओलसर कोकोपीट, त्यावर प्लॅस्टिक, मग कागद, आणि खोक्याला भोकं. तरी पहिलं वर्ष स्कूटरच्या अंतरातच विका. पोचवायला गेलं की घरातला उजेड डोळ्यांनी दिसतो.

कागदपत्रं

सोसायटीची गच्ची सामाईक असते. परवानगी लेखी घ्या, किती कुंड्या, कुठल्या कोपऱ्यात, हे त्यात येऊ दे. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर एकदा तांबडं पाणी पडलं की परवानगीचा कागद फार काळ टिकत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर, ऑनलाइन, फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. सेरेमिकच्या कुंड्या, स्टँड हेही विकू लागलात तर तो करपात्र माल होतो आणि महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी असलेली 40 लाखांची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. आयकरात, नर्सरीत स्वतः वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचं धरलं जातं. विकत आणून तसंच पुढे विकलेल्या मालावरचा नफा व्यापाराचा. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने ठेवा, "वाढवलेलं" आणि "आणलेलं", आणि वर्षाअखेरीला वही सीएला दाखवा. आंबा, पेरू, लिंबाची कलमं कुणी मागितली तर नाही म्हणा: फळझाडांच्या नर्सरीला आपल्याकडे 1969 च्या कायद्याने परवाना लागतो. कीटकनाशकं छोट्या बाटल्यांत भरून विकणंही परवान्याशिवाय चालत नाही.

तुम्ही हे वाचताय तो जून-जुलै असेल तर या आठवड्यात पाच जातींची प्रत्येकी सहा आईरोपं आणा, वेगळी ठेवा, आणि दिवाळीपर्यंत एकही विकू नका. ऑक्टोबर उलटून गेला असेल तर थोडीच आईरोपं आणा, थंडीभर त्यांना खिडकीत जगवा, वही सुरू करा, मिश्रणाचे प्रयोग करा. मार्च-एप्रिल असेल तर काहीच आणू नका. जाळी बांधून घ्या, सोसायटीची परवानगी मिळवा, आणि गॅलरीत कुठल्या तासाला कुठे ऊन येतं ते फरशीवर खडूने आखून ठेवा. पहिला पाऊस पडून हवा गार झाली, की उरुळीला जा.